लक्षाची गोळी

लोवेल ड्रेशरला त्याच्या संघातल्या माणसांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा मनापासून टाळी दिली, ती त्याच्या लघवीत औषध सापडल्याची बातमी आली त्या दिवशी.

तोवर टोलेडो बार्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघाच्या लॉकर रूममध्ये लोवेल आहे की नाही याने कोणाला काडीचा फरक पडत नव्हता. काम लाँग स्नॅपरचं. म्हणजे ओणवं व्हायचं, आणि मागे पंधरा यार्डांवर जो लाथ मारणारा उभा असतो त्याच्या हातात चेंडू आपल्या दोन पायांमधून नेमका फेकायचा. एका सामन्यात आठ-दहा वेळा. बाकी वेळ बाकावर बसून बूड गार करायचं. फेक नीट गेली तर तुमचं नाव कुत्र्यालाही ठाऊक नसतं; चुकली तर अख्ख्या ओहायोला ठाऊक होतं. लोवेलचं नाव अकरा वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला चांगलाच माज होता.

त्या सकाळी तो आत शिरला तर कायल स्टॅन्सबरी उघडाबंब त्याच्या लॉकरसमोर वाट बघत उभा. स्टॅन्सबरी बचावफळीतला दांडगोबा. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं, आणि पाठभर पुरळ. दोनदा सापडलेला, दोनदा घरी बसून परत आलेला.

"ए म्हाताऱ्या!" तो ओरडला. "तू पण? अरे, ओणवं व्हायला औषध लागतं होय रे?"

सगळी खोली खिंकाळली.

"मी काही घेतलेलं नाही," लोवेल म्हणाला. "बायकोची गोळी चुकून गिळली. लक्षाची."

मग जो काही हशा फुटला, तो मघाच्या दुप्पट. कोणी लॉकरचं दार बडवलं, कोणी टॉवेल भिरकावला.

"बायकोची लक्षाची गोळी!" स्टॅन्सबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी अगदी! माझं तर अजून लग्नही नाही, तरी मी दोनदा बायकोचीच गिळली. दे टाळी! अकरा वर्षं नाकाने कांदे सोलत बसला होतास. आता कुठे माणसात आलास."

आणि त्याने स्वतःच लोवेलचा हात उचलून टाळी वाजवून घेतली. मागोमाग पाच-सहा जण आले. ज्यांनी कधी 'काय रे, कसा आहेस' विचारलं नव्हतं ते खांद्यावर हात टाकून गेले. लोवेलला शिसारी आली. घरी जाऊन हात दोनदा साबणाने धुतला त्याने.

आता ही लक्षाची गोळी म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं.

लीगचा एक नियम आहे. कोणाच्या लघवीच्या बाटलीत काय सापडलं ते लीग बाहेर सांगत नाही. 'अमुक खेळाडू सहा सामने बाहेर' एवढंच छापायचं आणि गप्प बसायचं. खेळाडूंच्या संघटनेने हा नियम भांडून मिळवला, कशासाठी, तर म्हणे अब्रू जपायला. जसं काही या लोकांच्या अब्रूची पोती भरून ठेवली होती! तर कोण्या एका दीडशहाण्या एजंटाच्या डोक्यात प्रकाश पडला, की लीग बोलणार नसेल तर आपण काहीही बोलायला मोकळे. दंडात बैलाची ताकद टोचून घेतलेल्या गड्याला त्याने कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि पढवलं, की माझं लहानपणापासून कशात लक्ष लागत नाही हो, डॉक्टरांनी गोळी दिली, तेवढा परवानगीचा कागद भरायचा राहिला. लोकांना दया आली. सुई टोचणारा तो लबाड, पण लक्ष न लागणारा तो बिचारा आजारी. झालं. त्यानंतर सगळ्या लीगचंच लक्ष लागेनासं झालं. सहा वर्षांत सापडलेल्या एकोणीस बार्जमेनपैकी सतरा जण लक्षाच्या गोळीवर गेले. उरलेल्या दोघांतला एक आजीचं गुडघ्याचं मलम म्हणाला आणि दुसरा इतका मठ्ठ, की त्याने खरंच काय घेतलं ते सांगून टाकलं.

या सगळ्यांना सर्वांत जास्त कोण हसायचं? आपले लोवेलराव. आणि तिकडे लिंडनबर्गला त्यांचे तीर्थरूप.

वर्न ड्रेशर, वय अठ्ठ्याहत्तर. लिंडनबर्गच्या शाळेत चौतीस वर्षं फुटबॉल शिकवला. गावात अजून कोणी त्याला नावाने हाक मारत नाही, बँकेतल्या बायकासुद्धा 'कोच' म्हणतात. एका वर्षी राज्याच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला तीन पोरांच्या पिशव्यांत गोळ्या सापडल्या. तिघेही संघातले हुकमी. म्हाताऱ्याने तिघांनाही घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस-शून्य असा सपाटून मार खाल्ला. हरलेला सामना इतका मिरवणारा माणूस ओहायोत दुसरा नसेल. चर्चबाहेर, न्हाव्याकडे, कोणाच्या मयताला गेला तरी तो एक्केचाळीस-शून्य काढल्याशिवाय परतायचा नाही.

बापलेक दर रविवारी संध्याकाळी फोनवर बोलायचे. बोलण्यासारखं दोघांकडे फारसं नसायचं. हवा झाली, गुडघा झाला, मक्याचं पीक झालं, की म्हातारा विचारायचा, "या आठवड्यात कोण सापडला?" लोवेल नाव सांगायचा. "गोळी कोणती?" "लक्षाची." "बायकोची की मेहुणीची?" की दोघेही खोकला येईपर्यंत हसायचे. दोघांमध्ये मिळून तेवढा एकच विनोद होता.

आणि नेमकं लोवेलच्या घरी ते खरं घडलं.

त्याची बायको जोलीन हॉस्पिटलात नर्स. एकोणचाळिसाव्या वर्षी तिला डॉक्टरांनी सांगितलं, की बाई, तुम्ही वेंधळ्या नाही, तुम्हाला लक्ष न लागण्याचा विकार आहे. गोळी सुरू झाली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तिला आठवड्याची डबी फुकट दिली, सात वारांची सात झाकणं असलेली निळी. लोवेलकडे तशीच एक होती, सांध्यांच्या आणि सर्दीच्या गोळ्यांची, त्याच दुकानातली, तीही निळी. जोलीनने त्याच्या डबीवर चिकटपट्टी लावून 'लो' लिहिलं होतं. चिकटपट्टी कधीतरी गळून पडली. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अंधारातच लोवेलने झाकण उघडलं, आत होतं ते कॉफीबरोबर घशात टाकलं आणि सरावाला गेला. संध्याकाळी जोलीनने आपलं मंगळवारचं झाकण उघडं बघितलं आणि तिला वाटलं, घेतली वाटतं आपण. जिला लक्षाची गोळी लागते तिला ती घेतल्याचं कुठून आठवणार, बोडक्याचं!

बुधवारी बाटलीवाले पिंकर्ट आले. निवृत्त हवालदार. यांचं काम असं, की खेळाडूचा सदरा छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि धार बाटलीत पडेपर्यंत डोळ्यांची पापणी हलवायची नाही. जन्मभर चोर पकडले आणि म्हातारपणी हे वाट्याला आलं. बाकीचे त्यांना शिव्या घालायचे. लोवेल मात्र छाती काढून उभा राहायचा. "बघा, पिंकर्टसाहेब, अगदी नीट बघा. या इमारतीत एवढीच धार खरी आहे," असं दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी स्वतःच हसायचा. त्या बुधवारीही म्हणाला.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. फेरतपासणीला राखलेली दुसरी बाटली उघडली, तिच्यातही तेच. लोवेलने डबीची गोष्ट लिहून कळवली. उत्तर आलं, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते तिथे कसं पोचलं हा प्रश्न नियमात येत नाही. सहा सामने बाहेर.

सहा सामन्यांचं लोवेलला एवढं काही वाटलं नाही. त्याला एकच धास्ती होती. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून तो गाडी काढून दोन तास लिंडनबर्गला गेला.

म्हातारा स्वयंपाकघरात सॉसेज परतत होता. टेबलावर आंबवलेल्या कोबीची बरणी, एक ताट, एक काटा. बातमी पेपरात आली होती आणि पेपर घडी घालून बरणीखाली ठेवला होता.

"बाबा, पेपरात आलंय ते तसं नाहीये. मी घेतलं नाही. म्हणजे पोटात गेलं, पण मी घेतलं नाही."

"काय सापडलं?"

दोन तास गाडीत त्याने हे वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने बोलून पाहिलं होतं. एकाही तऱ्हेने ते बरं वाटलं नव्हतं.

"लक्षाची गोळी."

"कोणाची?"

"जोलीनची."

म्हातारा हसला नाही. त्याने गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्चीत बसला.

"चौतीस वर्षं पोरांची तोंडं बघितली मी," तो म्हणाला. "कोणी म्हणालं पिशवी भावाची आहे, कोणी म्हणालं आईच्या डोकेदुखीची गोळी आहे. माती खाल्ली असं एकानेही कबूल केलं नाही. पण त्यांची वयं सोळा होती रे. तू छत्तीसचा आहेस."

"बाबा, खरंच तिची होती! दोन डब्या सारख्या होत्या, निळ्या—"

"डब्या सारख्या होत्या!" म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. "अरे, निदान नवीन काहीतरी शोधायचंस! ज्या थापेला आपण दर रविवारी हसत होतो, तीच घेऊन माझ्या दारात आलास? मला काय त्या टीव्हीवाल्यांतला समजलास?"

"जोलीनला फोन लावून विचारा."

"आणि ती काय सांगेल? बायको आहे तुझी. स्वतःची कातडी वाचवायला बायकोला पुढे करतोस, लाज नाही वाटत? त्या कोण स्टॅन्सबरीने तरी बायकोला असं वेठीला धरलं नव्हतं."

"त्याला बायकोच नाही, बाबा!"

"मग तो तुझ्यापेक्षा बरा."

लोवेल काहीतरी बोलणार होता, पण म्हाताऱ्याने हात वर केला. हा हात बघून लिंडनबर्गच्या तीन पिढ्यांची दातखीळ बसलेली होती.

"ऐक. पोरगं चुकतं, ते मला समजतं. मार लागतो, वय होतं, माणूस घाबरतो आणि टोचून घेतो. कबूल केलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण खोटं बोलणाऱ्याला या टेबलावर जागा नाही, मग तो माझा असो नाहीतर आणखी कोणाचा. खरं सांगायचं असेल तेव्हा ये. तोवर फोनही करू नकोस."

तो उठला आणि त्याने पुन्हा गॅस पेटवला. सॉसेज तीन होते. लोवेलला त्याने बसही म्हटलं नाही.

दोन रविवार गेले. संध्याकाळी सहाला लोवेल फोनसमोर बसायचा, सातला उठायचा. जोलीनने दोनदा स्वतः फोन लावला, म्हाताऱ्याने तिचा आवाज ऐकताच "तुझा काही दोष नाही, पोरी," म्हणून ठेवून दिला. ती संतापाने लाल झाली. "माझ्या तोंडून खरंसुद्धा ऐकायचं नाही याला! आणि वर पोरी म्हणतो, मेला!"

लोवेलने आपल्या एजंटाला फोन केला. हा गॅविन प्रूइट. याच्याकडे सत्तर खेळाडू, लोवेल सत्तरावा.

"लीगला सांग, जाहीर करा म्हणावं माझ्या बाटलीत काय होतं ते. मोठ्या अक्षरात छापा."

"वेड लागलंय का तुला?" प्रूइट म्हणाला. "लोक लीगने गप्प राहावं म्हणून पाया पडतात."

"त्यांच्या बाटल्यांत भलतंच असतं. माझ्या बाटलीत खरंच लक्षाची गोळी आहे."

"हो रे हो," प्रूइट इतक्या प्रेमळपणे म्हणाला, की लोवेलला त्याचा गळा धरावासा वाटला. "छान जमलंय तुला. असंच ठामपणे म्हणत राहा."

मग लोवेलने थेट लीगच्या कचेरीत फोन लावला. चाचण्यांचं खातं सांभाळणाऱ्या मिस व्हिटकोम नावाच्या बाई फोनवर आल्या. आवाज लोण्यासारखा.

"आम्हाला जाहीर करता येत नाही, मिस्टर ड्रेशर. तुमच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"माझीच अब्रू ना? मग मी म्हणतो, करा जाहीर."

"नियमात तशी सोय नाही."

"म्हणजे तुम्ही तोंड उघडतच नाही? कधीच?"

"एकाच बाबतीत. खेळाडूने आपल्या चाचणीबद्दल जाहीरपणे खोटं विधान केलं, तर लीग ते दुरुस्त करू शकते. अलीकडेच घातलंय हे कलम. त्या सगळ्या... गोळ्यांमुळे."

"म्हणजे मी खरं बोललो तर तुम्ही गप्प, आणि खोटं बोललो तर खरं सांगणार?"

"थोडक्यात, हो," बाई म्हणाल्या. "आणखी काही मदत हवी होती?"

लोवेलने फोन ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. जोलीनला त्याने बेत सांगितला तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

"खोटं सांगून खरं बाहेर काढणार तू? लोवेल, माझी गोळी यापुढे रोज तूच घेत जा."

"अगं, दुसरा रस्ताच नाही. मी म्हणायचं, स्टेरॉइड घेतले. दुसऱ्या दिवशी लीग म्हणणार, नाही, हा खोटं बोलतोय, याच्या बाटलीत फक्त लक्षाची गोळी होती. लीगच्या शिक्क्यानिशी! मग बघू बाबा काय म्हणतात ते."

"आणि लीग काहीच नाही म्हणाली तर?"

"कलम आहे, जोलीन. कलम!"

या देशात कलम म्हटलं की लोवेलसारखी भाबडी माणसं अजून टोपी काढतात.

लाँग स्नॅपरच्या पत्रकार परिषदेला कोण येणार? चार जण आले. त्यांतला एक डोनटसाठी. एक कॅमेरा होता, तोही स्थानिक. लोवेल माईकसमोर बसला आणि हातातला कागद न बघता बोलला.

"मी याआधी सांगितलं, की बायकोची लक्षाची गोळी चुकून घेतली. ते खोटं होतं. मी स्टेरॉइड घेतले. सुईने. कुल्ल्यात."

डोनटवाल्याने डोनट खाली ठेवला.

लीगला कमी वाटू नये म्हणून लोवेलने आणखी चढवलं. "दोन प्रकारचे घेतले. एक तर घोड्यांना देतात तो. माझ्या बाटलीत तेच सापडलं. लीगला विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे."

"किती वर्षं घेत होता?" पुढच्या रांगेतल्या मर्ना कीटिंग नावाच्या बातमीदारीण बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज भरून आला होता.

हे लोवेलने ठरवलंच नव्हतं. "मोजलं नाही," तो म्हणाला, आणि उठला.

गेल्या अकरा वर्षांत त्याला मिळाली नव्हती तेवढी कीर्ती एकाच दुपारी मिळाली. मर्नाबाईंनी लिहिलं, की लक्षाच्या गोळीमागे लपणाऱ्या या भेकड लीगमध्ये अखेर एक मर्द निघाला. टीव्हीवर तीन माजी खेळाडू ओळीने बसले. तिघांच्याही माना लोवेलच्या मांडीएवढ्या, आणि तिघांनीही डोळे पुसत सांगितलं, की असं धैर्य आमच्यात नव्हतं. टोलेडोत रस्त्यात अनोळखी लोक थांबवून हात मिळवू लागले. एका बाईने आपलं तान्हं त्याच्या हातात दिलं फोटोला. जिथे खरं सांगितल्यावर लोकांनी तोंडावर हसून घेतलं, तिथेच घोड्याचं औषध ऐकून लोक गहिवरले. लोवेलला सगळ्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं, पण त्याने दम धरला. उद्या लीग बोलणार होती.

लीग खरोखरच बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, दोन ओळी. 'खेळाडूंनी दाखवलेल्या प्रामाणिकपणाचं लीग नेहमीच स्वागत करते. मिस्टर ड्रेशर यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.'

लोवेलने तीनदा वाचलं. मग फोन लावला.

"मिस व्हिटकोम, मी खोटं बोललो! उघड उघड, कॅमेऱ्यासमोर! दुरुस्त का नाही करत?"

"मिस्टर ड्रेशर," बाई लोण्यासारख्या म्हणाल्या, "कलमात 'दुरुस्त करू शकते' असं आहे. 'केलंच पाहिजे' असं नाही."

"पण तुमच्यासमोर कागद पडलाय! घोड्याचं औषध कुठे लिहिलंय त्यात?"

"त्या कागदावर मी बोलू शकत नाही. आणि खरं सांगू का, इथे सगळे फार खूश आहेत. एवढा चांगला दिवस या खात्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंसमोर तुमचं भाषण ठेवावं असं वरच्यांच्या मनात आहे."

"आणि मी उद्या पुन्हा जाहीर केलं, की कालचं खोटं होतं, तर?"

"तर लोक विचारतील, की दोन्हींपैकी खरं कोणतं," बाई म्हणाल्या. "आम्हालाही उत्तर देता येणार नाही. कळवते मी भाषणाचं."

लोवेलने फोन भिंतीवर आपटला नाही, कारण तो नवा होता. पण ज्या शिव्या त्याने घातल्या, त्या ऐकून जोलीनने खिडकी लावून घेतली. 'शकते' या एका शब्दावर माणूस उताणा पडतो, आणि तो शब्द लिहिणारे हरामखोर वर शुभेच्छा देतात!

"उद्या जाऊन सगळं परत सांगतो," तो म्हणाला. "हसू देत. निदान बाबांना कळेल, की—"

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार दुपारचे तीन. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात रविवारशिवाय फोन केला नव्हता.

लोवेलचे हात सांडलेल्या कॉफीने भरले होते, म्हणून त्याने फोन टेबलावरच मोठ्या आवाजात लावला. जोलीन ओट्याशी उभी होती.

"लोवेल?"

"बोला, बाबा."

"बघितलं मी टीव्हीवर." नाक ओढल्याचा आवाज आला. लोवेलने बापाला रडताना आईच्या मयतालासुद्धा पाहिलं नव्हतं. "दोन आठवडे झोपलो नाही रे मी. वाटलं, पोराला हाकललं, चुकलो का आपण. काल तू बोललास आणि मला वाटलं, नाही, माझंच पोर आहे. मी सकाळी न्हाव्याकडे जाऊन सगळ्यांना सांगून आलो. म्हटलं, चुकला, पण चार लोकांत मान ताठ ठेवून कबूल केलं. तुमच्यापैकी कोणाचा पोरगा करेल?"

लोवेलच्या तोंडात शब्द तयार होते. बाबा, ते खोटं होतं. एवढेच चार. जोलीन त्याच्याकडे बघत होती आणि तिने मान हलवून खुणावलंही, सांग.

"जोलीनची माफी मागायचीय मला," म्हातारा म्हणाला. "तुझं पाप झाकायला ती बिचारी माझ्याशी खोटं बोलायला तयार झाली होती. तिला काही बोलू नकोस. रविवारी दोघंही या. मी मटणाचा मोठा तुकडा आणलाय."

"बाबा—"

"थांब. एकच विचारायचंय, मग हा विषय कायमचा बंद. किती वर्षं?"

लोवेलने कॉफीचे हात विजारीला पुसले.

"मला माहीत असायला हवं रे," म्हातारा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज कोचचा राहिला नव्हता. "तुझा एकेक सामना मी बघितलाय. सगळे लिहून ठेवलेत वहीत, कुठली फेक, कुठला वारा. त्यातले कोणते माझे आणि कोणते औषधाचे, तेवढं सांग. मी वेगळे काढतो. तिसऱ्या वर्षी बर्फात खेळलात, शेवटच्या सेकंदाला तुझा चेंडू पडला असता तर हरला असता. तेव्हा घेत होतास का?"

"नाही," लोवेल म्हणाला. "तेव्हा नाही."

"देवा, बरं झालं. मग कधीपासून?"

अकरा वर्षं त्याने सर्दीची गोळीसुद्धा आधी चिठ्ठी वाचून घेतली होती. आता त्यातून किती देऊन टाकायची ते त्याला जागच्या जागी ठरवायचं होतं. एक म्हटलं तर म्हातारा खोटं समजणार. एवढा कबुलीजबाब एका वर्षासाठी कोणी देत नाही. सहा म्हटलं तर सातव्या वर्षीचा अंतिम सामना जाणार, आणि तो बघायला म्हातारा पाठीला पट्टा बांधून आठ तास बसने आला होता.

"शेवटची चार," तो म्हणाला.

ओट्याशी जोलीनच्या हातून चमचा सिंकमध्ये पडला. पदरी पडलेला नवरा कोणता, हे पहिल्यांदाच बघत असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग खोलीतून निघून गेली.

"चार," म्हातारा म्हणाला. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीचा, सावकाश, एकेका पानावर. बराच वेळ तो रेघा मारत होता आणि लोवेल ऐकत होता. "ठीक आहे. म्हणजे पहिली सात खरी ना? अगदी खरी?"

"हो, बाबा. पहिली सात खरी."

"बास. मग मला काही म्हणायचं नाही. रविवारी सहाला या, उशीर करू नका."